वाटेपुरती हवा

एक सिलिंडर मनासमोर आणा. एकच पुरे. जुन्या, ओतीव लोखंडी इंजिनाच्या बुलेट ३५०चा घेऊ. ती बहुतेकांनी पाहिलेली आहे, निदान गल्लीच्या टोकावरून येताना ऐकलेली तरी आहेच. आतला व्यास, म्हणजे बोअर, ७० मिलिमीटर. पिस्टनची वर-खाली धाव, म्हणजे स्ट्रोक, ९० मिलिमीटर. आतली जागा ३४६ सीसी. वर हेडमध्ये दोन व्हॉल्व्ह: एक हवा आत घेणारा, दुसरा जळालेला वायू बाहेर सोडणारा. बाकी सगळं तूर्त बाजूला ठेवा. कार्ब्युरेटर, प्लग, गिअर, चेन, आणि तो आवाजसुद्धा. बुलेटचा आवाज बाजूला ठेवणं भक्तांना जड जाईल, पण थोडा वेळ शांततेत बघू.

पिस्टन अगदी वर आहे. इनलेट व्हॉल्व्ह उघडा आहे. आता मनातल्या मनात पिस्टन हळूहळू खाली आणा. एक मिलिमीटर. दोन. पाच. त्याच्या डोक्यावर जागा तयार होते आहे. त्या जागेत जी थोडी हवा होती तीच पसरली, म्हणून विरळ झाली. आणि बाहेर? बाहेर वातावरणाचा अख्खा थर उभा आहे, दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोचा भार टाकत. आत दाब कमी, बाहेर जास्त. बाहेरची हवा व्हॉल्व्हच्या कडेने आत शिरते.

इथेच थांबा, पुढे जाऊ नका.

इंजिन हवा ओढतं असं आपण सहज धरून चालतो. ते ओढत नाही. हवेला धरून ओढता येत नाही. पिस्टनच्या हातात एकच गोष्ट आहे, जागा करून देणं. ती जागा भरण्याचं काम बाहेरचा दाब करतो. इटलीत टॉरिसेलीने १६४४ साली एका पत्रात लिहून ठेवलं, की आपण सगळे हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो, आणि नळीतला पारा वर टिकून राहतो तो आतल्या पोकळीच्या ओढीने नव्हे, बाहेरच्या हवेच्या भाराने. ऑटोचं चार स्ट्रोकचं इंजिन १८७६ साली आलं तेही याच भाराच्या जिवावर चाललं.

आता एक श्वास घ्या, मुद्दाम, लक्ष ठेवून. बरगड्या उचलल्या गेल्या, छातीखालचा पडदा उतरला, आत जागा झाली. हवा आली ती आपण होऊन. कितीही जोर लावा, बाहेर जेवढा दाब आहे त्याहून जास्त दाबाची हवा अशा रीतीने छातीत येणार नाही. हेच सिलिंडरलाही लागू. बाहेरून फुंकर घालणारं कुणी नसेल तर बाहेरचा दाब ही त्याची कमाल. प्रत्यक्षात तेवढंही मिळत नाही, आणि ते का मिळत नाही हेच आज बघायचं आहे.

आधी वजन बघू. समुद्रसपाटीला एक लिटर हवेचं वजन सुमारे १.२ ग्रॅम. आपला सिलिंडर काठोकाठ भरला तर त्यात ०.४ ग्रॅमच्या जराशी वर हवा बसते. पेट्रोलचा एक भाग नीट जळायला हवेचे १४.७ भाग लागतात. म्हणजे एका स्फोटासाठी पेट्रोल सुमारे २८ मिलिग्रॅम. याहून जास्त पेट्रोल घालणं काही कठीण नाही, जेट बदलला की झालं. पण जास्तीचं पेट्रोल जळणार कशाने? ते काळा धूर होऊन सायलेन्सरमधून निघून जातं. इंधन आपल्या मर्जीने घालता येतं, हवा नाही. इंजिनाची ताकद म्हणजे मिनिटाला त्यात किती ग्रॅम हवा गेली याचा हिशेब, हे एकदा मनात पक्कं बसलं की बाकीचं यंत्रशास्त्र बरंच निवळतं.

आता पिस्टनला वेग द्या. या बुलेटची १८ हॉर्सपॉवरची कमाल मिनिटाला ५,६०० फेऱ्यांच्या आसपास मिळते. सेकंदाला ९३ फेऱ्या. पिस्टनला वरून खाली यायला पाच मिलिसेकंदांहून किंचित जास्त वेळ. तेवढ्यात त्या ०.४ ग्रॅम हवेने बाहेरून निघून फिल्टर, कार्ब्युरेटर, वळणाची नळी पार करून व्हॉल्व्हच्या कडेने आत पोचायचं आहे. पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १६.८ मीटर, म्हणजे ताशी साठ किलोमीटर. रस्त्यावर हा वेग अगदी साधा. पण पिस्टन ज्या रुंदीची जागा मोकळी करतो आहे त्या रुंदीची वाट हवेला मिळत नाही. वाट व्हॉल्व्हएवढी.

हिशेबासाठी इनलेट व्हॉल्व्हचा व्यास बोअरच्या निम्मा, ३५ मिलिमीटर धरू. व्यास निम्मा, तर क्षेत्रफळ पाव. म्हणून हवेला पिस्टनच्या चौपट वेगाने जावं लागेल: सेकंदाला ६७ मीटर. इथवर फार बिघडत नाही. पण व्हॉल्व्ह हा काही सताड उघडलेला गोल नाही. ती एक चकती आहे, दांड्यावर बसवलेली. कॅमने, म्हणजे फिरत्या दांड्यावरच्या उंचवट्याने, दाबली की ती सीटवरून खाली सरकते आणि तिच्या कडेभोवती एक गोल फट उघडते. हवा जाते ती या फटीतून. फटीचं क्षेत्रफळ म्हणजे चकतीचा परीघ गुणिले ती जेवढी सरकली ते अंतर. अंतर व्यासाच्या पावपट झालं, इथे पावणेनऊ मिलिमीटर, की फटीचं क्षेत्रफळ चकतीच्या क्षेत्रफळाएवढं होतं. त्यापुढे व्हॉल्व्ह आणखी उघडून फारसा लाभ नाही.

आणि ती फट तरी पूर्ण कधी असते? व्हॉल्व्ह हळूहळू उघडतो, क्षणभर पुरा उघडा राहतो, हळूहळू मिटतो. शिवाय हवा कडेवर वळताना भिंत सोडते, भोवरे करते. या सगळ्याची सरासरी काढली तर उपयोगी वाट चकतीच्या क्षेत्रफळाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास उरते. ६७ मीटरला ०.३५ने भागा. सेकंदाला १९० मीटर. आता हा आकडा ध्वनीच्या वेगाशेजारी ठेवा, सेकंदाला सुमारे ३४०. आपली हवा ध्वनीच्या वेगाचा निम्म्याहून जास्त पल्ला गाठून बसली आहे, आणि हे त्या बुलेटमध्ये, जिला कुणी वेगवान इंजिन म्हणणार नाही.

अमेरिकेत एमआयटीमध्ये चार्ल्स फेयेट टेलर यांनी हवेच्या आणि ध्वनीच्या वेगाचं हेच गुणोत्तर तपासलं. इंजिन लहान असो की मोठं, हे गुणोत्तर ०.६च्या पुढे गेलं की सिलिंडर भरण्याचं प्रमाण झपाट्याने घसरतं, असं त्यांना आढळलं. आपल्या ढोबळ हिशेबात ते ०.५६ येतं. बुलेटची कमाल ताकद ५,६००ला येते आणि पुढे घसरते यात नवल नाही.

पण ध्वनीचाच वेग का? ही जागा सावकाश बघण्यासारखी आहे.

पिस्टन खाली गेला, आत दाब उतरला. बाहेरच्या हवेला हे कसं कळणार? मध्ये हवाच आहे. दाब उतरल्याची बातमी हवेच्या एका थराकडून दुसऱ्याकडे जाते, आणि ती जाते ध्वनीच्या वेगाने. ध्वनी म्हणजे दुसरं काय, दाबाची बातमीच. आता फटीत उभे राहा. हवा तुमच्या अंगावरून आत धावते आहे, बातमी उलट बाहेर निघाली आहे. हवेचा वेग वाढत वाढत ध्वनीच्या वेगाला भिडला की बातमी जागच्या जागी अडकते. जेवढी पुढे सरकते तेवढीच मागे वाहून येते. आत पिस्टनने आणखी जागा केली, पार निर्वात केलं, तरी बाहेर ते कळतच नाही. फटीतून जास्तीत जास्त जेवढी हवा जायची तेवढी जातेच आहे. पिस्टन हवा मागतो आहे, पण ऐकायला कुणी नाही.

इंजिनात सरासरी वेग इतका वर जाण्याआधीच क्षणाक्षणाला, व्हॉल्व्ह अर्धवट उघडा असताना, ही अवस्था येऊ लागते. म्हणून घसरण एकदम न होता हळूहळू सुरू होते. फेऱ्या वाढतात, मिनिटाला स्ट्रोक वाढतात, पण प्रत्येक स्ट्रोकला हवा कमी. एका आकड्याने जोडलेलं दुसरा वजा करतो. एका टप्प्यानंतर मूठ पिळून फक्त थरथर वाढते, हे ज्याने बुलेट चालवली आहे त्याला सांगायला नको.

मग व्हॉल्व्ह मोठा करा. सरळ उत्तर आहे, पहिल्या झटक्यात सुचणारं. कागद घ्या आणि एक वर्तुळ काढा. ही सिलिंडरची बोअर. त्यात दोन सारखी वर्तुळं बसवा, एक इनलेट, एक एक्झॉस्ट. कितीही चतुराई करा, प्रत्येकाचा व्यास मोठ्या वर्तुळाच्या निम्म्याहून जास्त होणार नाही. सीटना लोखंड हवं, दोन सीटच्या मध्ये भिंत हवी, प्लगला जागा हवी. कागदावर निम्मा मिळालेला व्यास धातूत आणखी आक्रसतो. हेडला घुमटासारखा आकार देऊन आणि व्हॉल्व्ह तिरपे बसवून थोडं कमावता येतं. एक्झॉस्ट लहान करून इनलेटला जागा देता येते आणि तशी देतातही, कारण जळालेला वायू मोठ्या दाबाने स्वतःच बाहेर पडतो, उरलेला पिस्टन ढकलतो. बाहेर काढायला जोर आहे, आत आणायला नाही. सगळी अडचण एकाच बाजूची आहे.

आता दुसरं वर्तुळ काढा आणि त्यात चार सारखी बसवा. प्रत्येकाचा व्यास मोठ्याच्या ०.४१४पट येतो. दोन इनलेटचं मिळून क्षेत्रफळ बोअरच्या ३४ टक्के. आधी एकाचं २५ होतं. पण परीघ बघा, कारण फट परिघाभोवती उघडते. आधी ०.५, आता दोहोंचा मिळून ०.८२८ या प्रमाणात. क्षेत्रफळ सदतीस टक्क्यांनी वाढलं, परीघ सहासष्ट टक्क्यांनी. थोडं उघडलं की लगेच भरपूर वाट. शिवाय मधोमध प्लगला आयतीच जागा मिळाली, आणि प्रत्येक व्हॉल्व्ह हलका झाला. हलका व्हॉल्व्ह स्प्रिंगला आवरतो; जड व्हॉल्व्ह जास्त फेऱ्यांना कॅमचा हात सोडून तरंगू लागतो आणि मग पिस्टनशी गाठ पडायची वेळ येते.

ही शहाणीव जुनी आहे. प्यूजोने १९१२ साली एर्नेस्त आंरी यांच्या आराखड्यावर सिलिंडरमागे चार व्हॉल्व्ह आणि वर दोन कॅमशाफ्ट असं ७.६ लिटरचं रेसचं इंजिन केलं, आणि जॉर्ज ब्वायो याने त्या वर्षीची फ्रेंच ग्रां प्री दिएपला जिंकली. शंभराहून जास्त वर्षं होऊन गेली, अजून बहुतेक चांगल्या इंजिनांच्या हेडखाली हीच आकृती दिसते. बुलेट करणाऱ्या रॉयल एनफिल्डच्याच घरात बघा. हिमालयन ४५०मध्ये ४५२ सीसी, चार व्हॉल्व्ह, ८,००० फेऱ्यांना ४० हॉर्सपॉवर. लिटरमागे हिशेब केला तर जुन्या बुलेटचे ५२ आणि हिचे ८८. याचं सगळं श्रेय व्हॉल्व्हना देणं खोटं ठरेल, कॉम्प्रेशन, इंजेक्शन, पाण्याने थंड होणं हे सगळं त्यात आहे. पण आणखी एक गोष्ट नजरेत भरते: बोअर ८४, स्ट्रोक ८१.५. बुलेटचं उलट होतं, बोअर ७०, स्ट्रोक ९०. बोअर रुंद केली म्हणजे वरचं वर्तुळच मोठं झालं. व्हॉल्व्हना जागा मिळाली ती अशी.

यापुढची वाट हौशीची. यामाहाने १९८५मध्ये एफझेड ७५०ला सिलिंडरमागे पाच व्हॉल्व्ह दिले. होंडाने १९७९च्या एनआर ५०० रेसर मोटरसायकलसाठी सरळ पिस्टनच लांबट केला, वर्तुळाचा जाचच नको म्हणून, आणि त्यावर आठ व्हॉल्व्ह मांडले. त्या इंजिनाने ग्रां प्री जिंकली नाही. मला मात्र त्याचं भारी कौतुक वाटतं: हवेला जास्त वाट मिळावी म्हणून गोल पिस्टन सोडायला तयार झालेली माणसं!

एक गोष्ट इथे पुटपुटून पुढे जाऊ. मोठी वाट फुकट मिळत नाही. कमी फेऱ्यांना मोठ्या व्हॉल्व्हमधून हवा आळसावून जाते, तिला वेग नसतो, पेट्रोल तिच्यात नीट मिसळत नाही. व्हॉल्व्ह उशिरा मिटायचा ठेवला, पिस्टन खाली पोचल्यावरही, तर जास्त फेऱ्यांना धावत्या हवेचा रेटा आणखी थोडी हवा आत कोंबतो; तोच व्हॉल्व्ह कमी फेऱ्यांना भरलेली हवा परत बाहेर सोडतो. घाटात दम देणारं इंजिन आणि सरळ रस्त्यावर पळणारं इंजिन यांच्यात हा झगडा कायमचा आहे.

आता मन या वर्तुळातून बाहेर काढा. व्हॉल्व्ह आहे तसाच राहू द्या. एक मिलिमीटरही वाढवू नका. त्याच्या बाहेर काय आहे तिकडे बघा.

मुंबईहून निघा. पुण्याला पोचेपर्यंत हवेचा दाब सहा-साडेसहा टक्के उतरला. पसरणीचा घाट चढून महाबळेश्वरला गेलात, पंधरा टक्के. लडाखात खारदुंग ला, ५,३५९ मीटर: दाब जवळजवळ निम्मा. बुलेट तीच, व्हॉल्व्ह तोच, पाच मिलिसेकंद तेच, फटीतला वेगही जवळपास तोच. सिलिंडर तितकाच भरतो, पण विरळ हवेने. १८ हॉर्सपॉवरची तिथे ढोबळमानाने दहाच्या आसपास उरते. दर वर्षी महाराष्ट्रातून निघालेले जथे तिथे पहिल्या गिअरमध्ये घाट चढतात आणि हवेचा हा हिशेब अंगाने शिकून येतात.

व्हॉल्व्हला ग्रॅम कळत नाहीत, लिटर कळतात. त्याच्यातून ठरावीक वेळात ठरावीक घनफळ जातं, त्या घनफळात हवा दाट आहे की विरळ याच्याशी त्याला कर्तव्य नाही. फटीतला वेग ध्वनीच्या किती जवळ गेला हेही घनफळावरच ठरतं. हे पुन्हा एकदा मनात घोळवा. डोंगरावर याच गोष्टीने आपलं नुकसान केलं. आणि याच गोष्टीने फायदा करून घेता येईल का?

सप्टेंबर-ऑक्टोबर १९१८. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये पाइक्स पीक नावाचं शिखर, उंची सुमारे ४,३०० मीटर. जनरल इलेक्ट्रिकचे सॅनफर्ड मॉस एका ट्रकवर लिबर्टी विमानाचं इंजिन लादून तिथे गेले. बारा सिलिंडर, २७ लिटर. खाली डेटनला या इंजिनाने ३५० हॉर्सपॉवर दिली होती. शिखरावर ती २३० भरली. मग त्यांनी आपला टर्बो जोडला: एक्झॉस्टच्या वायूने फिरणारं चाक, त्याच दांड्यावर दुसरं चाक, ते बाहेरची विरळ हवा दाबून इंजिनापुढे आणून ठेवणारं. ताकद ३५६. खालच्यापेक्षाही सहाने जास्त! हेड उघडलं नव्हतं, व्हॉल्व्ह बदलला नव्हता. इंजिनाला आपण डोंगरावर आहोत हे कळलंच नाही, कारण त्याच्यापुरतं वातावरण खालचं होतं. दीड वर्षाने, फेब्रुवारी १९२०मध्ये, असंच टर्बो लावलेलं लिबर्टी इंजिन असलेल्या विमानातून मेजर श्रोडर ३३,००० फुटांच्या वर गेले. कल्पना मॉस यांची मुळातली नव्हे. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी एक्झॉस्टच्या टर्बाइनचं पेटंट १९०५ सालीच मागितलं होतं.

मघाच्या श्वासाकडे एक नजर टाकून येऊ. पोलिओत छातीचे स्नायू निकामी झालेल्या रुग्णाला पूर्वी लोखंडी पेटीत ठेवत; पेटीतला दाब कमी केला की छाती फुलायची आणि हवा आत यायची. बॉस्टनमध्ये १९२८पासून ही पेटी वापरात होती. कोपनहेगनला १९५२च्या साथीत पेट्या अपुऱ्या पडल्या तेव्हा ब्यर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने श्वासनलिकेत नळी घालून रबरी पिशवीने हवा आत दाबायला सुरुवात केली, आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने, रात्रंदिवस, हाताने त्या पिशव्या दाबल्या. आत आणखी जागा करणं आणि बाहेरून दाब वाढवणं, या दोन वाटा माणसाच्या छातीलाही आहेत. दुसरी सापडली आणि अतिदक्षता विभाग जन्माला आला.

पण दाब वाढवला म्हणजे काम झालं, असं नाही. आता हवा मुठीत घ्या आणि दाबा. ती तापते. हा हिशेब बारकाईने बघायला हवा, कारण जाहिरातींत तो कधीच सांगत नाहीत. वीस अंशाची हवा दुप्पट दाबावर नेली तर अगदी आदर्श कंप्रेसरमध्येही ती ८४ अंशांवर जाते. सत्तर टक्के क्षमतेचा खरा कंप्रेसर घेतला तर ११०च्या आसपास. तापलेली हवा पसरते. दाब दुप्पट झाला तरी दाटपणा दीडपटच वाढला. उरलेला लाभ उष्णतेने खाल्ला. मग ती हवा इंजिनात जाण्यापूर्वी इंटरकूलरमधून न्या, पन्नास अंशांवर आणा: दाटपणा १.८पट. कारच्या नाकासमोरची ती जाळी म्हणूनच आहे. पुष्कळांना ती दुसरा रेडिएटर वाटते, तसं तिचं दिसणंही आहे.

रोल्स-रॉइसच्या मर्लिन या विमानाच्या इंजिनाची कथा म्हणजे या हिशेबाचीच कथा. २७ लिटर, बारा सिलिंडर, प्रत्येकी चार व्हॉल्व्ह. सुरुवातीच्या मर्लिनची ताकद हजार-एक हॉर्सपॉवर होती, शेवटच्या काही प्रकारांत ती दोन हजारांवर गेली. लिटर तेवढेच. स्टॅन्ली हूकर हा ऑक्सफर्डचा गणिती १९३८ साली कंपनीत आला तेव्हा त्याला इंजिनाचं फारसं कळत नव्हतं. पुढे त्याने आत्मचरित्राचं नावच तसं ठेवलं. त्याने सुपरचार्जरचे, म्हणजे इंजिनाच्याच जोरावर फिरून हवा दाबणाऱ्या चाकाचे, आकडे घेतले आणि दाखवून दिलं, की त्यात बरीच ताकद नुसती हवा तापवण्यात वाया जाते आहे. आत येण्याची वळणं सुधारली, चाकाचे आणि त्याभोवतीच्या पात्यांचे कोन सुधारले. नंतर एकामागे एक असे दोन टप्पे बसवले आणि मध्ये थंड करायची सोय केली. तेच इंजिन १९४२मध्ये स्पिटफायर नऊ या लढाऊ विमानात बसून वरच्या विरळ हवेत लढायला गेलं. इंजिनाच्या पोटाला हात न लावता त्याच्यासमोरची हवा शहाणी करणं, असं या कामाचं वर्णन करता येईल.

तरी इंधनाने मध्येच हात धरला होता. दाबलेली, तापलेली हवा सिलिंडरमध्ये आणखी दाबली जाते, आणि पेट्रोल प्लगपासून निघालेल्या ज्योतीची वाट न बघता जागोजागी भडकतं. इंजिन नॉक करतं. साध्या ८७ ऑक्टेन पेट्रोलवर मर्लिनला वातावरणावर दर चौरस इंचाला सव्वासहा पौंडांचाच जास्तीचा दाब सोसत होता. १९४०मध्ये १०० ऑक्टेन आलं आणि तोच आकडा थोड्या वेळापुरता बारा पौंडांवर नेता आला. एक मर्यादा उठवली की दुसरी पुढे येते, हे इथून पुढे सतत दिसत राहतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लाल होऊ लागतो. मग सॅम हेरन या अभियंत्याच्या पद्धतीने त्याच्या पोकळ दांड्यात सोडियम भरायचं, म्हणजे ते वितळून हिंदकळत डोक्याची उष्णता दांड्याकडे नेतं. हेड गॅस्केट, पिस्टनचा माथा, बेअरिंगा, सगळ्यांची पाळी येते.

सुपरचार्जर क्रँकवरून फिरतो, म्हणजे आधी इंजिनाकडून घेतो, मग देतो. टर्बोला लोक फुकटची ताकद म्हणतात, ते काही खरं नाही. एक्झॉस्टच्या वाटेत चाक आलं की वायूला बाहेर पडायला जोर लागतो, आणि तो पिस्टनच लावतो. पण वाया जाणाऱ्या उष्णतेतला काही भाग कामाला येतो, हे मात्र निर्विवाद. डिझेलला तर हे वरदान ठरलं. तिथे आत फक्त हवा येते, डिझेल अगदी शेवटी फवारलं जातं, त्यामुळे ती नॉकिंगची भीती नाही. कसारा घाटात जुने ट्रक काळा धूर ओकत चढत, तो धूर म्हणजे हवा कमी पडल्याची तक्रार होती. ट्रकच्या बॉनेटवर टर्बो अशी अक्षरं दिसू लागली त्यामागे हे कारण होतं.

शर्यतीच्या मैदानावर वाट मोठी करणारा आणि हवा दाबणारा, असे दोन्ही पंथ समोरासमोर आले. कीथ डकवर्थच्या कॉसवर्थ डीएफव्हीने १९६७पासून तीन लिटर आणि चार नेटक्या व्हॉल्व्हच्या बळावर फॉर्म्युला वन गाजवलं होतं. रेनॉने १९७७मध्ये दीड लिटरचं टर्बो आणलं, दोन वर्षं धुराचे ढग सोडून लोकांना हसवलं, आणि १९७९मध्ये दिजाँला त्यांचा चालक जाबुई याने पहिली शर्यत जिंकली. डकवर्थला टर्बो पटत नव्हता. मनाने मी त्याच्या बाजूचा, पण हिशेब त्याच्या बाजूला नव्हता. आज रस्त्यावर एक-सव्वा लिटरची तीन सिलिंडरची टर्बो पेट्रोल इंजिनं फिरतात. त्यांना सिलिंडरमागे चार व्हॉल्व्ह असतात आणि वर टर्बोही. भांडण मिटलं ते असं.

अशी एक गाडी घेऊन पुन्हा खारदुंग लाला चला. मैदानात तिचा टर्बो हवा दीडपट दाबावर नेत होता. वर बाहेरचा दाब निम्मा, आणि इंजिनाला हवा तेवढाच हवा आहे. मग कंप्रेसरला दीडपट नव्हे, जवळजवळ तिप्पट दाबायचं काम. वेस्टगेट, म्हणजे चाकाला वगळून वायू सोडणारा दरवाजा, मिटतो, सगळा एक्झॉस्ट चाकावर जातो, चाक आधीच मिनिटाला लाखांत फिरत होतं ते आणखी वेग घेतं. शिवाय तेवढ्याच ग्रॅमसाठी आता दुप्पट लिटर हवा त्या छोट्या तोंडातून आत यायला हवी, आणि तिथेही वाट तेवढीच आहे. प्रत्येक कंप्रेसरचा एक आलेख असतो. त्याच्या डाव्या कडेच्या रेघेपलीकडे हवा उलटी फुटून परत येते. उजव्या कडेला दुसरी रेघ. तिथे कंप्रेसरच्या आतला वेग ध्वनीच्या वेगाला भिडतो, आणि त्यापुढे चाक कितीही फिरवा, हवा वाढत नाही. उंचीवर चढणारी गाडी या उजव्या रेघेकडे सरकत जाते. म्हणून इंजिनाचा संगणक बाहेरचा दाब मोजत राहतो आणि चाक तुटण्याआधी बूस्ट, म्हणजे टर्बोचा जास्तीचा दाब, आपण होऊन उतरवतो. ड्रायव्हरला फक्त पिकअप थोडा मंदावल्यासारखा वाटतो.